हीटरचा डबा

नांदूरघाटच्या माणसाला हीटरबद्दल विचारलं, तर तो आधी तुमच्याकडं बघेल आणि मग वर सूर्याकडं. आमचं गाव केज तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर. चैत्र लागला की पत्र्याला हात लावायची सोय राहत नाही, आणि पौषातली थंडी एका घोंगडीत मावते. अशा गावात गाडीच्या हीटरपायी माझी झोप उडाली होती, हे सांगितलं की अजूनही पारावरची माणसं हसतात. पण त्या डब्यानं मला जे शिकवलं, ते तीस वर्षं फळ्यावर खडूनं लिहून मला उमगलं नव्हतं.

माझ्याकडं २००३ सालची पांढरी मारुती ८०० होती, म्हणजे अजूनही आहे. पुण्याच्या एका साहेबांकडून २०११ मध्ये घेतलेली. एसीवाली. गावात तेव्हा जीपा होत्या, पिकअप होत्या, पण थंड हवेची गाडी म्हणजे मास्तरचीच. पहिल्या उन्हाळ्यात पोरं नुसती काचेला नाक लावायला यायची. मीही मुद्दाम दार उघडून हवेची झुळूक बाहेर सोडायचो. खोटं कशाला बोलू, मजा वाटायची.

मजा गेली ती एका संध्याकाळी. दसरा होऊन गेला होता आणि आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला निघाली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. भांडी, सरपण, शेळी, त्यावर माणसं. माझी गाडी अशाच एका ट्रॉलीमागं अडकली. फुफाटा उडत होता. मी काचा वर केल्या, एसी लावला. ट्रॉलीच्या मागच्या फळीला टेकून एक बाई बसली होती, पदराखाली लेकरू. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही, हेव्यानंही नाही. समोर काहीतरी आहे म्हणून बघावं, तशी. तिच्या तोंडावर जो धुरळा बसत होता, तो माझ्या काचेवर बसत होता. मधी फक्त ती काच.

त्या दिवसापासून एसीचं बटण दाबताना ती बाई आठवायची. वर्गात मी पोरांना उष्णतेचा धडा शिकवत होतोच. एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. डॅशबोर्डमागच्या कॉईलमधला वायू आतली उष्णता पितो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि रेडिएटरपुढच्या जाळीतून ती उष्णता रस्त्यावर ओतली जाते. म्हणजे माझा गारवा हा कुणाच्या तरी वाट्याला गेलेला ताव असतो. असं मी स्वतःला समजावलं आणि मला ते पटलं.

२०१६ चा उन्हाळा आठवतो ना? एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो उन्हाळा. आमच्याकडं टँकरच्या रांगा, जनावरं छावणीत. त्याच मे महिन्यात माझा कॉम्प्रेसर कडकड वाजायला लागला. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी गप्प झालो, आणि त्याच क्षणी माझ्या मनातलं तत्त्वज्ञान एकदम पक्कं झालं. आज मागं वळून बघतो तर त्यात तत्त्व किती आणि पैसा किती, हे मला नीट वेगळं करता येत नाही. दोन्ही एकाच पिशवीत होते. लोकांना मात्र मी तत्त्वच काढून दाखवलं.

मिस्त्री जुना माणूस, माझ्यापेक्षा वयानं मोठा. मी म्हणालो, "चाचा, एसी काढून टाका. सगळा."

"सगळा मंजे?"

"कॉम्प्रेसर, जाळी, पायपा, कॉईल. काही ठेवू नका."

त्यांनी पान्हा घेतला आणि एक नट ढिला केला. फुस्स करून आवाज झाला. पांढरी वाफ दिसली न दिसली तोच विरली. मला छाती हलकी झाल्यासारखं वाटलं. त्या फुस्सचा हिशोब मी पुढं सांगतो.

मारुतीत डॅशबोर्डच्या मागं तीन डबे एका ओळीत असतात. डाव्या अंगाला पंख्याचा डबा, मधी एसीच्या कॉईलचा, आणि पलीकडं हीटरचा. पंख्याची हवा मधल्या डब्यातून हीटरच्या डब्यात जाते आणि तिथून पायाकडं, तोंडावर किंवा समोरच्या काचेवर. मधला डबा काढला की हवा डॅशबोर्डखालीच सांडते. शिवाय माझ्या हीटरची कॉईल पाझरत होती. पायाशी गोडसर वासाचं हिरवं पाणी यायचं. मी म्हणालो, "हीटरबी काढा. बीड जिल्ह्यात हीटर कशाला? उन्हानं माणसं मरायलीत इथं."

गॅरेजातली पोरं हसली. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "गुर्जी, राहू द्या. खात न्हाई, पीत न्हाई. नवी कॉईल टाकू."

"नको. जे लागत नाही ते बाळगायचं कशाला?"

त्यांनी मान हलवली. इंजिनातून हीटरकडं जाणाऱ्या दोन नळ्या होसच्या एका तुकड्यानं एकमेकींना जोडल्या, कॉम्प्रेसर गेला म्हणून त्याचा पट्टाही काढला, आणि मोकळे डबे भंगारात टाकले. गाडी खरंच हलकी चालायला लागली. ७९६ सीसीचं एवढंसं इंजिन, त्याच्या पाठीवरचं एक ओझं उतरलं.

त्यानंतरचं वर्ष माझं मोठ्या समाधानात गेलं. सोळा सप्टेंबरला, ओझोन दिनाला, मी शाळेत भाषण केलं. १९८७ मध्ये याच तारखेला मॉन्ट्रियलचा करार झाला, जगानं ओझोनला भोक पाडणारे वायू सोडायचे ठरवलं, वगैरे सांगून शेवटी स्वतःचा दाखला दिला. टाळ्या पडल्या. घरी हिला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी सोडलं ते बरं केलं. आमाला इचारलं असतं तर आमीबी सोडलं असतं." मी हसण्यावारी नेलं. तिच्या बोलण्यातला 'इचारलं असतं' हा शब्द मला ऐकू यायला दोन वर्षं लागली.

२०१७ चा आषाढ. रात्री अकराचा सुमार, पाऊस बदाबदा कोसळत होता. आमच्या आळीच्या टोकाला राहणारी म्हातारी दार वाजवायला लागली. तिची सून अडली होती. पहिलटकरीण, ऊसतोडीवरून आलेली पोर. माझी गाडी दारात, तिचं घर हाकेच्या अंतरावर. दुसरीकडं बघायला वेळ नव्हता. पोर मागं आडवी, तिचं डोकं म्हातारीच्या मांडीवर, पायाशी गावातली दाई, पुढं माझ्याशेजारी पोरीचा नवरा. सगळे ओलेचिंब.

पाण्याच्या टाकीपासून शंभर पावलं गेलो नसू, तर समोरची काच दुधासारखी पांढरी झाली. बाहेरून वायपर चालू होता. पण वाफ आतून होती. पाच माणसांचा श्वास, ओली लुगडी, आणि पावसानं गार झालेली काच. हवेतली सगळी ओल त्या काचेवर येऊन बसली. मी सवयीनं बटणाकडं हात नेला. तिथं पंख्याचं बटण होतं, पण पंखा नव्हता. हीटरची दांडी होती, पण ती सरकवली तर मागं काहीच नव्हतं.

काच पुसायला कापड घेतलं. पुसलं की दोन श्वासांत पुन्हा पांढरी. खिडक्या उघडल्या, तर पावसाचे सपकारे आत. म्हातारी ओरडली, "गुर्जी, काचा लावा हो, पोरीला फवारा बसायलाय." काचा लावल्या की रस्ता दिसेना, उघडल्या की पोर भिजायली. शेवटी पोरीचा नवरा पुढं वाकून डोक्याच्या टापरानं काच पुसत राहिला, आणि त्यानं पुसलेल्या वीतभर जागेतून मी गाडी हाकत राहिलो. केजच्या अलीकडं रस्त्यात एक ट्रॅक्टर बंद पडून उभा होता, मागं लाल दिवा नाही. तो मला दिसला तेव्हा आमच्यामधी दोन हात अंतर असेल. ब्रेक कसा दाबला, मला आठवत नाही. मागून पोरीची किंकाळी आली, ती कळेची होती की धक्क्याची, कोण जाणे.

एरवी लागतो त्याच्या दुप्पट वेळ घेऊन आम्ही अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पोहोचलो. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत." म्हातारी माझ्या पाया पडायला लागली. मी पाय मागं घेतले. तिला वाटलं, गुर्जी लाजले. वेळेत आणलं हे खरं होतं, पण ते माझ्यामुळं नव्हतं, माझ्या कृत्याला न जुमानता होतं. माझ्या हातून काही वाईट झालं नाही म्हणून मी चांगलं वागलो, असं होतं का? हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. त्या ट्रॅक्टरपासून दोन हातांवर गाडी थांबली, त्यात माझं पुण्य एवढंसंही नाही.

दुसऱ्या आठवड्यात चाचांकडं गेलो. म्हणालो, "हीटर परत बसवायचा." त्यांनी 'मी म्हनलो नव्हतो का' असं काही म्हटलं नाही. जुनी माणसं एवढं पथ्य पाळतात. पण तो डबा मिळवायचा कुठून? माझा तर भंगारात वितळलाही असेल. एसीवाल्या गाडीचे डबे मिळत होते, पण मधल्या डब्याशिवाय ते जुळेनात. चाचा म्हणाले, "जी गाडी कंपनीतूनच बिनाएसीची निघती, तिचा माल लागंल." अशा गाडीत पंखा आणि हीटर यांच्या मधी कॉईलऐवजी नुसता एक पोकळ तुकडा असतो. दिसायला काहीच नाही, प्लॅस्टिकचं नळकांडं. पण तोच नसला तर बाकीचे दोन डबे एकमेकांना अनोळखी. दोन महिने फिरून बीडच्या एका भंगारवाल्याकडं ठोकर खाल्लेल्या गाडीचा संच मिळाला, नळकांड्यासकट.

बसवायला दिवस गेला. डॅशबोर्ड सगळा उतरवला. इंजिनातलं पाणी खाली काढलं, जोडलेला होस सोडला, दोन्ही नळ्या पत्र्याच्या भोकांतून आत घेतल्या, भोकांना रबराच्या चकत्या बसवल्या. नवी कॉईल, नव्या क्लिपा. मग पाणी भरून, इंजिन चालू ठेवून, नळ्यांतली हवा बुडबुड्यानं निघेपर्यंत थांबलो. पंखा लावला आणि काचेवर हात धरला. ऊन ऊन वारं. ऑगस्ट महिन्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना त्या वाऱ्यानं मला इतकं बरं वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

हात पुसता पुसता चाचा म्हणाले, "गुर्जी, काढायचं काम सोपं असतंय. काढल्यावर जी जागा उरती, तिचं काय करायचं ते आधी ठरवावं लागतंय."

गोष्ट इथंच संपली असती, तर मी म्हटलं असतं की एक चूक झाली, ती दुरुस्त केली. पण २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या मायच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस. तो उन्हाळाही दुष्काळाचाच. मे महिन्यात एका दुपारी तिला घेऊन परत निघालो. बीड सोडलं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. अर्ध्या चढावर इंजिनाचा काटा लालकडं सरकायला लागला. थांबायला सावली नाही, मागं ट्रकांची रांग. अशा वेळी ड्रायव्हर लोकांची एक युक्ती असते: हीटर पूर्ण उघडायचा. हीटरची कॉईल म्हणजे धाकटा रेडिएटरच. इंजिनाचं उकळतं पाणी तिच्यातून फिरतं, पंखा त्यावर वारा घालतो, आणि इंजिनाची उष्णता माणसं अंगावर घेतात.

मी हीटर उघडला. बाहेर बेचाळीसचं ऊन, आत भट्टी. काटा हळूहळू खाली आला, इंजिन वाचलं. शेजारी माय डोक्यावर ओला पदर घेऊन बसली होती, चार तास सुया टोचून घेतलेली, ओठ सुकलेले. तिला पाणीसुद्धा मोजूनच प्यायचं होतं. घाट संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुजं पुण्य तुला लेकरा, पर मह्या डोस्क्याला कामून तापवायलास?"

मला उत्तर आलं नाही. गाडी माझी, त्याग माझा, भाषण माझं, टाळ्या माझ्या. पण गाडीला सीटा पाच होत्या, आणि त्या सीटांवर बसणाऱ्या एकालाही मी विचारलं नव्हतं.

पुढच्या खेपेपासून मायसाठी एसीची गाडी भाड्यानं केली. सव्वा वर्ष केली. म्हणजे माझ्या गाडीतली उष्णता मी दुसऱ्याच्या गाडीतून रस्त्यावर ओतत होतो, आणि माझी गाडी दारात सोवळ्यात उभी होती. २०२० च्या श्रावणात माय गेली. शेवटच्या खेपांत ती मागच्या सीटवर गार हवेत डोळे मिटून पडायची. तिच्या तोंडावर जे सुख दिसायचं, त्याला चैन म्हणायची माझी छाती नाही.

आता त्या फुस्सचा हिशोब. टाळेबंदीत रिकाम्या वेळी मी तो मांडला. २००३ च्या गाडीत जो वायू होता, तो ओझोनला भोक पाडत नाही. जुना तसा वायू तोवर बंद झाला होता. पण हा नवा वायू उष्णता अडवतो, कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ चौदाशेपट. म्हणूनच २०१६ च्या ऑक्टोबरात, मी एसी काढला त्याच वर्षी, किगालीला जगानं हे वायूही कमी करायचं ठरवलं. छोट्या गाडीत तो अर्धा किलोच्या आसपास भरतात. म्हणजे सातशे किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोच्या वर निघतो. त्या हिशोबानं पान्ह्याच्या एका फिरकीत मी तीनशे लिटर पेट्रोलइतका धूर आभाळात सोडला होता. एसी नसल्यानं पेट्रोल एक दशांश वाचतं असं धरलं, तरी ते तीनशे लिटर वाचवायला मला पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास गाडी चालवावी लागणार. माझी गाडी वर्षाला सहा हजार चालते. आठ वर्षं! तो वायू यंत्रानं ओढून टाकीत भरून घेता येतो. मी चाचांना तसं विचारलंही नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी एसी सोडला, तीच गोष्ट सोडण्याच्या क्षणी पायाखाली तुडवली.

मग एसी काढला हे चुकलं का? मला अजून तसं वाटत नाही. त्या ट्रॉलीतल्या बाईची नजर खरी होती, आणि एकाचा गारवा दुसऱ्याचा ताव असतो हेही खरं आहे. चुकलं ते हे की माझ्या अंगावरचं ओझं उतरवताना ते कुणाच्या अंगावर जाऊन बसतं, ते मी बघितलं नाही. हीटर आणि एसी या दोन कॉईली एकाच ओळीत, वीतभर अंतरावर असतात. एक आपला ताव उचलून बाहेरच्याला देते. दुसरी इंजिनाचा ताव आपल्याला देते. उष्णता नाहीशी कुणीच करत नाही, नुसती हलवतं. संन्याशालाही हे चुकत नाही. त्यानं घर सोडलं तरी घरातलं पाणी कुणीतरी भरतंच. म्हणून साधेपणाला माझा विरोध नाही. पण 'मी सोडलं' असं कुणी म्हणालं की आता मी विचारतो, सोडलेलं कुणी उचललं?

आणि गरज कोणती, चैन कोणती, हे ठरवायला मी बसलो होतो भर उन्हात, गॅरेजच्या दारात, धडधाकट अंगानं. तिथून आषाढातली रात्र दिसत नव्हती. अडलेली पोर दिसत नव्हती, सुया टोचलेली माय दिसत नव्हती. गरज ठरवायची तर ज्याला ती लागणार, त्याच्या जागेवर बसून ठरवावी लागते, आणि ते जमत नसेल तर निदान त्याला विचारावं लागतं. आमच्या हिनं हे भाकरी थापता थापता सांगितलं होतं.

मारुतीत एसी अजून नाही. गेल्या वर्षी पुतण्या नवी गाडी घेत होता. "काका, एसीची घेऊ का बिनाएसीची?" म्हणून त्यानं विचारलं. त्याला वाटलं, आता काका भाषण करणार. मी म्हणालो, "घरी जाऊन सगळ्यांना विचार. तुझ्या आजीसासूलासुद्धा."

त्या रात्री जन्मलेली पोर आता शाळेत जाते. दसऱ्यानंतर आई-बाप कारखान्यावर जातात आणि ती म्हातारीपाशी राहते. थंडीच्या दिवसांत सकाळी मी केजला निघालो की तिला शाळेपाशी सोडतो. ती पुढच्या सीटवर बसते आणि बसल्या बसल्या हीटरची दांडी सरकवते. परवा म्हणाली, "गुर्जी, हे गरम वारं कुठून येतंय?"

मी म्हणालो, "इंजिनातून. त्याला जड झालेलं आपण घेतो."

"मग त्याला बरं वाटतंय का?"

"वाटत असेल."

तिनं दोन्ही हात जाळीपुढं धरले आणि शाळा येईपर्यंत तसेच ठेवले.